कमलबाईंचा तारा

ठाकूरद्वारच्या त्या चाळीत ख्रिस्ती बिऱ्हाडं तीनच. नाताळ आला की तिघांच्याही गॅलरीत कागदी तारे लागत. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल, ते तेवढं अंधारात राही. मग घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरणारी कॅरलवाली मंडळी तिथं गाणी न म्हणता नुसती प्रार्थना करून निघत.

कमलबाईंचा मुलगा मयूर बार्जवर कामाला होता. तीन पावसाळ्यांपूर्वी बार्ज बुडाली. बाकीच्यांची प्रेतं मिळाली, मयूरचं नाही. तरी दर नाताळात बाई स्टुलावर चढून तारा लावत. "प्रभूचा उजेड आहे. वाट दिसायला नको का त्याला?" सून रुचा खालून स्टूल धरी. तिच्या माहेरची माणसं तिला न्यायला आली, तेव्हा बाईंनी "तो आल्यावर काय सांगू?" म्हणून त्यांना परत पाठवलं होतं.

यंदा चर्चचे पाळकसाहेब नवे. तारा दिसला म्हणून ते मंडळींना घेऊन थेट आत आले. दोन गाणी झाली.

"घरात सगळे खुशाल ना, बाई?"

"सगळे खुशाल. मुलगा बोटीवर असतो."

जुनी मंडळी खाली बघू लागली. पाळकसाहेबांनी मात्र डोळे मिटून मुलाला सुखरूप ठेवल्याबद्दल प्रभूचे आभार मानले. आमेन झालं. रुचाने करंज्यांचं ताट न फिरवताच टेबलावर ठेवलं.

मंडळी गेल्यावर ती म्हणाली, "आई, प्रार्थनेत खोटं?"

"येईल गं तो."

"सारखं उजेड उजेड म्हणता. त्या उजेडात मी दिसते का तुम्हाला? मला रडायचंय, आई. तो तारा लागलेला असला की मला रडताही येत नाही."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरीचे कानामागचे केस पिकले होते. हे कधी झालं, त्यांना आठवेना.

त्यांनी स्टूल ओढलं. "धर."

बल्ब गेला असेल, असं रुचाला वाटलं. बाईंनी बटण बंद केलं, दोरी सोडली आणि तारा खाली उतरवला.

गॅलरी काळोखी झालेली पाहून समोरची कालिंदी धावत आली. "काय गं कमल, वायर जळली की काय?"

"नाही गं," कमलबाई म्हणाल्या. "आमचा मयूर गेला."

कालिंदी उंबऱ्यातच खाली बसली. आत रुचाने हंबरडा फोडला. कमलबाई मात्र तारा छातीशी धरून उभ्याच राहिल्या. त्यांना रडू येईना.