वेदीवर राहिलेली काठी

इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या डोंगरात मेंढ्या राखणाऱ्याचा एडगर बर्केट हा धाकटा मुलगा. अंगाने किरकोळ, बर्फात रुतलेली मेंढी ओढायला गेला की मेंढी बाहेर यायची आणि हा आत. बाप म्हणाला, "याला पाद्री होऊ दे. तिथे डोक्यावर छप्पर तरी असतं." एडगर पाद्री झाला. कोळशाच्या खाणींच्या गावात त्याने वर्षानुवर्षं लग्नं लावली, मर्तिकं केली आणि एक दिवस, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, बिशप झाला.

बिशपच्या हाती मेंढपाळाची आकड्याची काठी असावी लागते. कॅथेड्रलची चांदीची काठी एडगरला पेलवेना. त्याने थोरल्या भावाकडे, जॉसकडे, वारलेल्या बापाची काठी मागितली. जॉसने बरेच दिवस घोळवलं, मग आणून दिली. "काम झालं की घरी आणून दे." एडक्याच्या शिंगाची मूठ, तिच्याखाली कुत्र्याच्या दातांच्या खुणा. ती घेऊन एडगर गावोगाव फिरला, बुजऱ्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवले आणि दर ठिकाणी कोरडा केक मुकाट गिळला. घरी जायला मात्र कधी सवड झाली नाही.

निवृत्तीच्या रविवारी घोळ झाला. जाणारा बिशप काठी वेदीवर ठेवून रिकाम्या हाताने निघतो. ती मग पुढच्या बिशपची. त्यासाठी चांदीची काठी मुद्दाम बाहेर काढली होती, पण एडगर सवयीने बापाचीच घेऊन गेला आणि तीच ठेवून बसला. मागे वळतो तो पहिल्या रांगेत जॉस. देवापुढे ठेवलेलं भरल्या चर्चमध्ये परत कसं उचलणार?

बाहेर चहा चालला होता. एडगरने भावाला बाजूला घेतलं.

"जॉस, बाबांची काठी मी घालवली."

"बाबांची?" जॉसने सँडविच संपवलं. "ती गाडीत आहे. सकाळीच मेंढ्या वळवल्या तिने."

"मग ती आतली?"

"ती मी केली. चांगली काठी चर्चमध्ये मिरवायला कोण देईल, बिशपसाहेब?"

"आणि दातांच्या खुणा?"

"माझ्या कुत्रीच्या. मुठीखाली चरबी चोळून तिला चावायला दिली."

एडगरला इतकं हायसं वाटलं की तो तिथेच भिंतीला टेकला. मग त्याला आठवलं. "मग घरी आणून दे म्हणालास, ते कशाला?"

जॉसने उरलेला चहा गवतावर ओतला. "त्या निमित्ताने तरी येशील म्हणून."

एडगरचे डोळे भरून आले. "गाडीत जागा आहे?"

"कुत्रीला मागे बसवतो," जॉस म्हणाला.