मापाचं लिंबू

वरच्या मजल्यावरचे अण्णा सगळं मापात बघायचे. इडलीसुद्धा समोर धरून, एक डोळा मिटून. नव्वदच्या दशकातल्या एका दसऱ्याआधी त्यांनी महायुद्धातल्या हलक्या जर्मन रणगाड्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल चिकटवून, रंगवून तयार केलं, तळहातावर मावेल एवढं. आयुधपूजेला जयनगरच्या आमच्या गल्लीत हार घातलेल्या स्कूटरींच्या रांगेत त्यांनी तेही मांडलं. एकेक स्कूटर चाकाखालचं लिंबू चिरडून पुढे गेली. मग अण्णा मला म्हणाले, "अक्का, स्वल्प मोहरी द्या. याच्या मापाचं लिंबू तेवढंच."

मोहरीवरून त्यांनी रणगाडा बोटाने ढकलला. एकही दाणा फुटला नाही. अपशकुन की काय, असं आम्हाला वाटलं. अण्णा वाकून बघत राहिले आणि एकदम टाळ्या पिटायला लागले.

"बघा अक्का, रणगाडा असावा तर असा!"