साडूंचा पाण्याचा ग्रुप

जगातली तमाम माणसं एका ग्रुपमध्ये घेतली की जगाचं भलं होईल, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. त्यांची हयात सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात गेली. निवृत्तीच्या दिवशी मुलीनं हातात स्मार्टफोन दिला आणि कचेरी फोनमध्ये राहायला आली. साडू मेसेज टाकत नाहीत, निर्गमित करतात. प्रत्येक मेसेजच्या डोक्यावर जावक क्रमांक असतो. मी एकदा 'जेवायला येताय का?' असं विचारलं, तर 'संदर्भ: आपला आज सकाळचा निरोप, पोचला' अशी सुरुवात होऊन 'होय' तिसऱ्या परिच्छेदात सापडलं. ग्रुपवर विषय सोडून गुलाबाचं फूल टाकलं म्हणून सख्ख्या बायकोला त्यांनी आठवडाभर ग्रुपबाहेर काढलं होतं. मेहुणीबाईंनी त्या आठवड्यात दोन्ही वेळा दुधी भोपळा केला.

त्यांच्या सगळ्या ग्रुपांचा मूळपुरुष म्हणजे पाण्याचा ग्रुप. छत्रपती संभाजीनगरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्या कॉलनीत नळाला पाणी आठवड्यातनं एकदा येतं, आणि येतं ते आधी साडूंच्या घरी, कारण त्यांचं घर उताराला पहिलं. नळानं पहिली गुळणी टाकली की साडू दोनच शब्द लिहितात, 'पाणी आलं.' तेवढ्या एका मेसेजला जावक क्रमांक नसतो, कारण तेवढा वेळ नसतो. मग घरोघरी मोटारी, पाइप, बादल्या, आरडाओरडा. अंगात ताप असो की घरात पाहुणे, हा निरोप कधी चुकला नाही. नातवाच्या बारशाला पाळण्याची दोरी माझ्या हातात देऊन हे गृहस्थ नळाकडं पळाले होते.

अशा माणसाच्या आयुष्यात वॉर्डाची निवडणूक आली आणि त्यांच्या अंगातच आलं. कॉलनीमागच्या वस्तीवरच्या दूधवाल्या काकूंना त्यांनी अपक्ष उभं केलं. काकूंच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता दोन म्हशी. पहाटे दारोदार रतीब घालायचा, त्यामुळं जमिनीखालची कुठली लाइन कुठं गळते ते त्यांना तोंडपाठ. काकू म्हणाल्या, "भाऊ, मला राजकारनातलं कायबी कळत नाय. पर पाइप कुठं फुटलाय ते लई चांगलं ठाव हाय." साडूंना एवढी पात्रता पुरली. जुनी लाइन बदला म्हणून भांडणारं कुणीतरी महापालिकेत बसायला हवं, हा त्यांचा ध्यास. मला एकदा हळूच म्हणाले, "जन्मभर लोकांचे अर्ज पुढं पाठवले हो. एकदा माणूस पाठवून बघतो."

हास्यक्लबातले बारा जण गल्लीप्रमुख झाले. बाराही जण हाकेच्या अंतरावर राहणारे, तरी बैठक ऑनलाइनच. नेट गेलं की सगळे गॅलऱ्यांत येऊन उरलेली बैठक ओरडून पूर्ण करत, त्यामुळं आमचे गुप्त डावपेच समोरच्या उमेदवारालाही पाठ होते. घरोघर मोबाइलवर एक फॉर्म भरून घेतला. 'मत देणार का?' याला पर्याय होते, 'हो', 'नाही' आणि, लोकाग्रहास्तव, 'यांना विचारून सांगते'. साडूंनी न्यायबुद्धीनं 'हिला विचारून सांगतो' असाही पर्याय ठेवला, तर तो सगळ्यांत जास्त चालला. दुपारची झोप मोडून आमची कॉलनी लोकशाही बळकट करणार नाही हे ते जाणून होते. म्हणून सगळ्यांना मतदानाची वेळ दिली ती चार वाजताची.

आणि खरंच, चारला शाळेच्या फाटकाबाहेर आख्खी कॉलनी रांगेत. दूर टेबलाशी साडू त्या फॉर्मच्या छापील यादीत मत देऊन आलेल्यांच्या नावापुढं खुणा करत बसले होते, नवरदेवाच्या बापासारखे खूश. तेवढ्यात मेहुणीबाईंचा फोन आला. साडू उठून माझ्याकडं आले. पाण्याचा दिवस उद्याचा होता, पण पाण्याला कुठली आलीय आचारसंहिता.

"सुटलं," ते म्हणाले.

"सांगू नका की. साडेपाचला मतदान संपतंय. कुणाला कळतंय?"

"तोवर पाणी जाईल हो. कोपऱ्यावरच्या आजी एकट्या आहेत, आठ दिवस काय करतील?" त्यांचा अंगठा फोनवर तसाच अधांतरी थांबला. मग त्यांनी ते दोन शब्द टाकले.

रांगेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फोन वाजत गेले आणि रांग उधळली. मागोमाग जावक क्रमांकासह दुसरा मेसेज आला, 'मतदारांनी रांग सोडू नये, गल्लीप्रमुख आपलं पाणी भरतील.' पण गल्लीप्रमुख सगळ्यांच्या पुढं धावत होते. ज्यांच्या गुडघ्यांची तक्रार हास्यक्लबात रोज ऐकली, ते गुडघे त्या दिवशी मला मागं टाकून गेले. हो, मीही पळालो. माझ्यापुढं चारच माणसं होती. टाकी भरून परत आलो तेव्हा फाटक बंद झालं होतं.

काकू नऊ मतांनी पडल्या. आमच्या घरातच चार होती. दुसऱ्या दिवशी दूध घालताना मला काकूंच्या तोंडाकडं बघवेना. त्याच म्हणाल्या, "समद्यांनी पानी भरलं नं? मंग झालं." साडूंनी त्या यादीची फाइल बांधून माळ्यावर टाकली. माझ्या नावापुढची जागा कोरी होती, पण त्यांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

हल्ली 'पाणी आलं' दिसलं की मी आधी कोपऱ्यावरच्या आजींचं पिंप भरतो, मग आमची टाकी. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. पण परवा पिंप भरून घरी आलो आणि फोन पाहिला, तर साडूंचा मेसेज होता, 'आपलं मत पोचलं.' जावक क्रमांक घालायचा ते विसरले असावेत.