दातांची सापशिडी

माझी नात मोबाईलवर दात घासायचा खेळ खेळते. पडद्यावर ब्रश फिरवला की काळे किडे पळतात आणि दात हसतो. लेकीला वाटतं, काय नवी युक्ती काढलीय. मला तो हसरा दात बघवत नाही. असला खेळ आमच्याकडे सत्तरच्या दशकातच आला होता, फक्त पुठ्ठ्यावर.

रहिमतपूरजवळच्या आमच्या शाळेत दंतमंजनवाल्या कंपनीची गाडी आली आणि सापशिडीचे पट वाटून गेली. दात घासले की शिडी, गूळ खाऊन तसंच झोपलं की साप. सगळ्यांत लांब साप अगदी वर, शंभराच्या अलीकडे, आणि त्याच्या तोंडाशी चित्र होतं मशेरी लावणाऱ्या बाईचं. तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची आणि दाताला चोळायची, ती मशेरी. गुरुजींनी हा साप आम्हाला समजावून सांगितला तो गालात तंबाखूचा बार धरूनच. तंबाखू मळणाऱ्या पुरुषाला अख्ख्या पटावर साप नव्हता. कंपनीला आमच्या गावात पुरुष दिसलेच नसावेत.

पट मी घरी नेला. वडील फौजेत, त्यामुळं घरात शब्द चालायचा आबांचा, म्हणजे आजोबांचा. आईची दाढ किडली होती, गाल सुजला होता. दुपारची भांडी घासून झाल्यावर ती माझ्याशी खेळायला बसली. तिला खेळायला एवढं आवडतं हे मला तेव्हाच कळलं. कवड्या टाकत भराभर वर गेली आणि नेमकी त्या मोठ्या सापाच्या तोंडी पडली.

"मशेरी सोडा म्हणत्यात गुरुजी," मी म्हटलं.

"सोडीन की. पर तिनंच ठणका थांबतोय. मग दुसरं काय लावू?"

पटावर पांढऱ्या कोटातला दातांचा डॉक्टर होता. त्याच्यापाशी पोचलं की शिडी थेट शंभरावर. आई त्याच्याकडं बघत राहिली.

"ह्यो कुठं असतोय गं?"

"साताऱ्याला असंल."

"आबास्नी इचारून बघ."

सासऱ्याला आपलं दुखणं सुनेनं तोंडानं सांगायचं नसतं, अशी आमच्याकडची रीत. असल्या रीती काढणाऱ्याची दाढ कधी दुखली नसावी.

आबा अंगणात एका व्यापाऱ्याचा बैल पारखत होते. बैलाचा ओठ उचलून, तोंड उजेडाकडं वळवून एकेक दात निरखत होते. दात बघून वय सांगावं तर आबांनीच, असा त्यांचा लौकिक. मी म्हटलं, आईची दाढ लय दुखतीया, साताऱ्याला न्यायला पायजे.

"बायकांच्या दाढा दुखत्यातच," बैलाच्या तोंडातला हात न काढता ते म्हणाले. "मशेरी लाव म्हणावं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आवं आबा, बैलाचं बघताय तसं एकदा आईचं तोंड बघा की."

व्यापारी हसला. आबा हसले नाहीत. आतून आई आली आणि तिनं माझ्या थोबाडीत दिली, त्यांच्यादेखत. मोठ्यांना उलटं बोलल्याबद्दल. त्या मारासाठी मी आईवर कधी रागावले नाही. माझा सगळा राग आबांवर, आणि तो अजून तसाच आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते.

पुढं दाढेत पू झाला, ताप चढला, आईला पाणी गिळवेना. तेव्हा कुठं आबा तिला एसटीनं साताऱ्याला घेऊन निघाले. सोबत मी. डॉक्टरांनी ती दाढ काढली, शेजारचे दातही काढावे लागले. हात धुता धुता त्यांनी आबांना विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

"तिनं कवा सांगितलंच न्हाई," आबा म्हणाले.

डॉक्टर आईकडं वळले. "का हो बाई, सांगायचं नाही का वेळेवर?"

तोंडात कापसाचा बोळा धरलेल्या आईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि चुकलं म्हणून मान हलवली.