कुंकू लावलेलं बोनेट

गॅरेजवाल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि सही मागणाऱ्यांवर तर त्याहून नाही. चिचगडहून बायकोला आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिसला न्यायचं, म्हणून गाडी घेतली. देवरीजवळ रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला आणि बोनेट चेपलं. विमा होता. सर्व्हेअरनं गाडीच्याच कंपनीचं नवीन बोनेट मंजूर केलं, कागदावर तसं स्पष्ट लिहिलं.

गॅरेजमधून गाडी आणायला दोघं गेलो. आमच्याकडे दुरुस्त होऊन आलेल्या गाडीचीही पूजा करतात. बायकोनं बोनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार चढवला, नारळ फोडला. मी बोनेट उघडायला गेलो तर खेकसली, "आत्ताच पूजा झाली, हात कायले लावता?" तेवढ्यात गॅरेजवाल्यानं कागद सरकवला. "भैया, सब कंपनी का है, बस यहाँ साइन." केली सही. माझ्यासारखा गाढव जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही.

तिसऱ्या फेरीला, कोहमाऱ्याच्या अलीकडे, हायवेवर बोनेट उडून काचेवर आदळलं. समोरचं काहीच दिसेना. मागे ट्रकचा हॉर्न. कशीबशी गाडी कडेला घेतली. बायको डायलिसिसच्या सुया टोचून सुजलेला हात पोटाशी धरून बसली होती.

कोहमाऱ्याच्या मिस्त्रीनं पाहिलं न पाहिलं अन् म्हणाला, "लोकल माल आहे भाऊ. याचा लॉक धड बसूनच नाही राहिला."

गॅरेजवाल्याच्या तोंडावर विचारलं, "लाज विकून खाल्ली का बे?" तो चहाचा घोट घेत म्हणाला, "साइन तो आपने किया." विमा कंपनीत फोन लावला. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, काम समाधानकारक असल्याचं तुम्हीच लिहून दिलंय. समाधान! माझी बायको मरता मरता वाचली आणि मी म्हणे समाधानी! मुडदा बशिवला त्या कागदाचा.

दुसरीकडून अस्सल बोनेट बसवून घेतलं. दहादा उघडून, आपटून पाहिलं. पण बायको गाडीत पाऊल टाकत नाही. एसटीनं जाते, देवरीला बदलून. येताना तिला धड उभं राहवत नाही, तरी एसटीनंच येते.

परवा स्टँडवर हात जोडले. "आता मी सोता पाहून घेतलं ना!"

"तवाही तुमीच होते," ती म्हणाली.

तिनंच मला अडवलं होतं, हे अगदी ओठांवर आलं. गिळलं. तिची पिशवी घेतली आणि तिच्या मागून एसटीत चढलो.