नापास गिटारचे गुळगुळीत दात

आमची मुंगी काल दुकानात गप्प बसली. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

दुसऱ्या कुणाच्या मुलीबद्दल हे सांगितलं तर लोक म्हणतील, चला, शहाणी झाली. पण आमच्या मुलीला समोर खोट दिसत असताना तोंड मिटून बसणं आजवर जमलेलं नाही. काल जमलं, आणि चांगलं जमलं. म्हणूनच काळजी वाटते.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती साखरेच्या डब्यापासून रेडिओच्या पोटापर्यंत कुठेही शिरायची. आता तिशीला टेकली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. माझ्या बहिणीने नवं घर घेतलं तेव्हा आम्ही सगळे पडद्यांचं कौतुक करत होतो. हिने खिशातून एक गोटी काढली आणि हळूच फरशीवर ठेवली. गोटी जी निघाली ती बैठकीची खोली ओलांडून थेट आतल्या पलंगाखाली. "मावशी, घर छान आहे. फक्त तिकडे जरा कललंय," ही म्हणाली. बहीण पुढे कितीतरी दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. खिशात गोटी घेऊन पाहुणी म्हणून जाणारी मुलगी कुणाची असते? माझी.

विमा कंपनीतली नोकरी तिने सोडली तेव्हा मी दोन दिवस धड जेवले नाही. मग ती एका वाद्यांच्या दुकानात लागली. चपलांच्या दुकानावरचा मजला, वर जायला अरुंद जिना, आणि आत भिंतीभर टांगलेल्या गिटारी. तिचं काम एकच: दुकानात येणाऱ्या स्वस्त बेस गिटारी तपासायच्या आणि पास की नापास ते सांगायचं. बेस म्हणजे लांब मानेची, चार जाड तारांची विजेवरची गिटार. हिचा आवाज ऐकू येण्याआधी पोटात जाणवतो. मुंगी स्वतः एका बँडमध्ये ती वाजवते, मागे, अंधारात उभी राहून. आम्ही एकदा कार्यक्रम पाहायला गेलो होतो. आमचे हे सगळा वेळ भलत्याच मुलीला हात हलवत होते.

एकदा डबा विसरली म्हणून मी दुकानात गेले, तेव्हा तिला काम करताना पाहिलं. खोक्यातून गिटार काढून तिने आधी तिचा वास घेतला. मग खांद्याशी धरून एक डोळा मिटला आणि बंदुकीचा नेम धरावा तशी मानेवरून नजर टाकली, मान सरळ आहे की वाकडी ते बघायला. खुंट्या पिळल्या. आवाजाची बटणं कानाशी धरून फिरवली. पट्टा गळ्यात अडकवून दोन्ही हात सोडून दिले, तर गिटारने लगेच जमिनीकडे मान टाकली. "लाजतेय," मुंगी म्हणाली आणि तिला मांडीवर आडवं घेतलं.

शेवटी तिने खिशातून रेशमी रुमाल काढला. माझा रुमाल. मी तो वर्षभर शोधत होते आणि धुणं करणाऱ्या बाईंवर उगाच संशय घेत होते. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. मुंगी तो रुमाल मानेच्या कडेने वरून खाली ओढत होती. मध्येच तो अडकला आणि त्याचा एक धागा टर्रकन निघाला. माझ्याही तोंडातून आवाज निघाला.

मग तिने मला समजावलं. स्वस्त गिटारला नीट न वाळवलेलं लाकूड वापरतात. ते नंतर वाळतं, आकसतं, आणि धातू काही आकसत नाही. मग फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात आणि हात वरखाली नेताना तळवा कापतात. रंगाला लाटा असल्या, खुंटी जरा कुरकुरली, तरी ती पास करते. स्वस्तात एवढं चालायचंच, म्हणते. पण टोकं टोचली तर नाही म्हणजे नाही. "कारण आई, ही घेणारी पोरं नवीन असतात. हात कापला की त्यांना गिटारचा दोष वाटत नाही. त्यांना वाटतं, आपल्यालाच जमत नाहीये. मग ती सोडून देतात."

एवढं सांगून ती माझा डबा उघडून खायला बसली. रुमाल परत दिला नाही.

आता गेल्या शनिवारची गोष्ट. दुकानाच्या मालकांना एका एजंटाने नमुना म्हणून एक बेस पाठवली होती. नमुना पसंत पडला तर तशाच गिटारींचा मोठा माल घ्यायचा, असा बेत. मुंगीने रुमाल फिरवला, तो अडकला. तिने मालकांना सांगून टाकलं की ही नापास आहे, सोमवारी एजंट येईल तेव्हा त्याच्यासमोर दाखवते. तोवर आणखी वाजवून बघावी म्हणून ती गिटार घरी घेऊन आली.

आणि आमच्या घरी बिघडलेली वस्तू आणणं, यासारखी चूक नाही.

आमचे हे आयुष्यभर कवळ्या बनवत होते. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, हे त्यांच्या छोट्या कामाच्या खोलीत बसून दात घडवायचे. गावातली अर्धी म्हातारी माणसं ह्यांच्या दातांनी हसतात. डोळ्यांचा त्रास सुरू झाला तेव्हा ती खोली बंद केली आणि हत्यारांची पेटी कपाटावर गेली. तेव्हापासून हे रिमोट हातात घेऊन बसायचे. टीव्ही बघायचे असं नाही. नुसता रिमोट धरून बसायचे.

रविवारी दुपारी मुंगी बँडच्या सरावाला गेली. जेवणाच्या टेबलावर गिटार आडवी पडली होती. ह्यांनी जाता जाता तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि थबकले.

"अगं, हिच्या दातांना धार राहिलीये," हे म्हणाले.

पुढच्या पाच मिनिटांत पेटी कपाटावरून खाली आली होती. मला टेबलावरचा दिवा धरायला सांगितला. मी धरला. नको म्हणावं असं मनात आलं का? आलं नाही. ह्यांनी लाकडाला चिकटपट्टी लावून झाकलं, बारीक कानस घेतली आणि एकेक टोक गोल करायला सुरुवात केली, दाढ घासावी तसं. मग बारीक ब्रशवर कवळीला लावायची ती पांढरी पूड घेतली. संध्याकाळ होईपर्यंत मानेच्या दोन्ही कडा अशा झाल्या की जणू नदीतला गोटा. आणि हे शीळ घालत होते. कोणतं गाणं ते मला ओळखता आलं नाही, कारण ह्यांच्या शिळेत सगळी गाणी एकच असतात. पण कितीतरी महिन्यांनी शीळ ऐकली.

"तिला सांगू नकोस," हे म्हणाले. "हात फिरवेल तेव्हा कळेल. मजा येईल."

मजा आली. सोमवारी, म्हणजे काल.

मुंगी रात्री उशिरा आली आणि गिटार उघडूनही न बघता झोपली होती. सकाळी पिशवीत घातली आणि दुकानात नेली. मालक बसलेले, एजंट बसलेला. मुंगीने पिशवीतून गिटार काढली, खिशातून माझा रुमाल काढला, आता बघा म्हणाली आणि रुमाल मानेवरून ओढला. रुमाल लोण्यावरून जावा तसा गेला. तिने पुन्हा ओढला. पुन्हा गेला. दुसऱ्या कडेने ओढला. एजंटाने स्वतःचा तळवा फिरवून बघितला, मालकांनी फिरवला, बिल करणारी बाईसुद्धा उठून फिरवून गेली.

"मॅडम, गिटार राहू द्या," एजंट म्हणाला. "तो रुमाल केवढ्याला देता?"

सगळे हसले. मुंगीने तेवढ्यात गिटारची मान नाकाशी धरली होती. कवळीच्या पुडीचा वास तिला जन्मापासून माहीत आहे. ह्यांच्या शर्टाला तोच यायचा. तिला सगळं कळलं. आणि ती गप्प बसली.

मालक हसत नव्हते. एजंट गेल्यावर ते म्हणाले की शनिवारी नापास आणि सोमवारी लोणी, असं असेल तर तुझ्या शब्दावर मी धंदा कसा करू. तिने दुसरा नमुना मागवा म्हटलं, तर म्हणाले पहिला तूच सगळ्यांसमोर पास केलास, आता कोणत्या तोंडाने मागू. आज दुपारी ते एजंटाला मालाचा होकार देणार आहेत. आणि मुंगीने तपासणी सोडून काउंटरवर तारा आणि गिटारची कव्हरं विकायला बसायचं आहे.

हे मला तिने काल स्वयंपाकघरात सांगितलं, भांड्यांचा आवाज करत, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. त्याआधी दारातच ह्यांनी तिला गाठलं होतं. सबंध दिवस वाट बघत होते.

"काय मुंगीबाई? काय म्हणाले तुमचे मालक?"

"बाबा, काय सांगू," ती म्हणाली. "ज्याने त्याने हात फिरवून बघितला. शेवटी एजंटाची बोलती बंद झाली."

बोलती कुणाची बंद झाली होती ते तिलाच ठाऊक. हे मात्र टाळी द्यायचे बाकी राहिले. दोनदा जेवले.

मी तिला विचारलं, अगं, तिथल्या तिथे का नाही सांगून टाकलंस की वडिलांनी घासली म्हणून? तर म्हणाली, मालक संशयी आहेत, खात्री करायला लगेच बाबांना फोन लावला असता. मग बाबांना कळलं असतं की त्यांनी आपल्याच मुलीचा पुरावा घासून टाकला. ती पेटी जी वर गेली असती ती कायमची.

"आणि दुसरं म्हणजे," ती ताटं पुसत म्हणाली, "काम इतकं सुरेख केलंय आई, की मला खोटच काढता येईना. अशी कड महागातल्या गिटारलाही नसते."

"मग आता?"

"आता काय. तारा विकीन. आणि आई, तू फोन करायचा नाहीस."

इथे माझ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी फोन करते. ती विमा कंपनीत होती तेव्हा ती पोचली का हे विचारायला मी तिच्या साहेबांना फोन करायचे, आणि साहेब पुढे पुढे स्वतःच करायला लागले, "पोचली हो" म्हणून. तिच्या बँडमधल्या ड्रम वाजवणाऱ्याला मी हेल्मेट घालतोस का विचारलं, त्याने आता गाडीच विकली आहे. दुकानात लागली त्या दिवशी मुंगीने माझ्या फोनमधून दुकानाचा नंबर स्वतः पुसला. तेव्हा काल तिने एवढं बजावलं, मी हो म्हटलं, आणि दोघी झोपायला गेलो. ती झोपली. मध्यरात्र उलटून गेली, मी इथे लिहीत बसले आहे आणि आतून ह्यांच्या घोरण्याचा आवाज येतो आहे, तोही खुशीतला.

तो ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की आमच्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू चुकीची तपासली आहे. स्वतःचा बाप.

तिला वाटतं, हा माणूस नाजूक आहे, एक शब्द लागला की मोडेल. तिने ह्यांना त्या खोलीत काम करताना पाहिलं ते लहानपणी, दुरून. मी जवळून पाहिलं आहे. ह्यांनी चाळीस वर्षं जे काम केलं ते लोक तोंडातून काढून ह्यांच्या हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, टोचतंय. एका शाळामास्तरांनी तर कवळी रागाने खिडकीतून फेकली होती. हे खाली जाऊन ती शोधून घेऊन आले, धुतली, म्हणाले, "कुठे टोचतंय तेवढं बोट लावून दाखवा," आणि पुन्हा कानस घेतली. ह्या माणसाला आपलं काम चुकलं हे ऐकायची सवय आहे. ज्याची सवय नाही ती गोष्ट म्हणजे बिनकामाचं बसून राहणं. आणि पेटी वर जाणार असेल तर ती खरं सांगितल्याने जाणार नाही. उद्या कधी दुसरीकडून कळलं, मुलीने आपल्यापायी नोकरीतलं काम गमावलं आणि वर आपल्याला गोड बोलून झोपवलं, तर मात्र जाईल.

शिवाय टोचणाऱ्या गिटारींची ती फौज आज दुपारच्या होकारानंतर येणार. कुणाची तरी पोरं त्या गळ्यात अडकवणार आणि स्वतःला नालायक समजणार. मुंगी समोर काउंटरवर बसून तारा विकत ते बघणार. पुन्हा गप्प बसणार? गप्प बसायची सवय लागली तर ती मुंगी राहील का, ते मला सांगता येत नाही.

म्हणून ठरवलं आहे. सकाळी चहाबरोबर आधी ह्यांना सांगणार, सगळं, एजंटाच्या रुमालाच्या चौकशीसकट. हे थोडा वेळ कपाळाला हात लावतील, मग विचारतील, "दुसरा नमुना आहे का?" मी ह्यांना ओळखते. मुंगी आंघोळीला गेली की दुकानात फोन लावायचा. मालक तिच्या आधी येतात, आणि दुकानाचा नंबर तिच्या स्वतःच्या गिटारच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात छापलेला आहे, तो पुसायचं तिला सुचलं नव्हतं.

काय बोलायचं तेही ठरलं आहे. मी तुमच्याकडे तपासणी करणाऱ्या मुलीची आई. तुम्ही काल ज्या कडांवरून हात फिरवलात त्या कारखान्यातल्या नाहीत, आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या आहेत. होकार द्यायच्या आधी एजंटाकडून दुसरं कोणतंही खोकं मागवा आणि रुमाल फिरवा. नाही अडकला तर मुलीला खुशाल तारा विकायला बसवा. ते विश्वास ठेवणार नाहीत, म्हणतील कोणी घासली, कशाने घासली. तेव्हा फोन ह्यांच्या हातात देणार. कानस कुठली, पूड कुठली, हे सुरू झाले की दुपारपर्यंत थांबायचे नाहीत, आणि तेवढा वेळ मालकांना एजंटाचा फोनही घेता येणार नाही.