चेन ट्रॅक्टर आणि सुमनअक्काचं वावर

भागीदारीत बैलजोडी घेतली की भांडणं होतात आणि भागीदारीत ट्रॅक्टर घेतला की किस्से होतात, असं माझं मत आहे. भांडणं ट्रॅक्टरवरूनही होतात म्हणा, पण ती जुनी झाली की त्यांचेही किस्सेच होतात!

आम्हा पाच जणांचं ट्रॅक्टर मंडळ होतं. नशिराबादच्या पलीकडे, केळी-कापसाच्या आमच्या गावात. नव्वदच्या आगेमागेची गोष्ट. मंडळ कसलं, ना पाटी ना ऑफिस. चिंचेखाली उभा असलेला एक जुना चेन ट्रॅक्टर, एवढीच आमची इस्टेट. अजूनही कुणी भेटलं की चहा मागवतं आणि म्हणतं, "मधुभाऊ, तो लिंबाचा किस्सा होऊ द्या!" मी सांगतो, लोक हसतात. पण सगळेच किस्से हसण्यासारखे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. हसायलाच बसला असाल तर चहा पिऊन उठा.

*

तर लिंबू. हा ट्रॅक्टर धरणाच्या कामावरून लिलावात निघाला होता. त्याला चाकं नाहीत, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टे. डांबरी रस्त्यावर चालवला तर रस्ता उकरून निघेल, म्हणून ट्रकवर लादून आणला. बरोबर ड्रायव्हरही आला, शिरपूरकडचा धुडकू.

आमच्या मंडळात नाना सगळ्यांत वडील. नानांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि चाकाखाली लिंबू ठेवायला वाकले. वाकले ते वाकलेच.

"अरे भो, याले चाक कुठी हाये?"

धुडकू वरून म्हणाला, "नाना, चेन शे. चेनपुढे ठेवा."

नानांनी नांगरटीच्या मऊ मातीत लिंबू ठेवलं. धुडकूनं मशीन पुढं घेतलं. एवढं धूड लिंबावरून गेलं आणि मागून लिंबू जसंच्या तसं! मातीत थोडं दबलं होतं, पण फुटलं नव्हतं. नानांचं तोंड उतरलं. "अपशकुन झाला बाप्पा."

त्या दिवशी धुळ्याहून एक साहेब आले होते. माती तपासायचे, म्हणून त्यांना आम्ही मातीवाले साहेब म्हणायचो. ते खाली बसले, लिंबू उचललं, पुसलं आणि नानांच्या हातात दिलं.

"नाना, जे लिंबाला दाबत नाही ते मातीलाही कमी दाबतं. यापेक्षा चांगला शकुन मला तरी माहीत नाही."

नानांनी ते लिंबू घरी नेलं आणि सरबत करून प्यायले.

*

मंडळात एकच बाई होती, सुमनअक्का. मालक गेल्यावर त्यांचा हिस्सा तिनं सोडला नाही. पुरुषांच्या बैठकीत पदर सावरून बसायची आणि नेमकं बोलायची.

तिचं वावर गावात सगळ्यांत वाईट होतं. वाईट म्हणजे, मुळात सगळ्यांत चांगलं होतं! तिचे मालक केळीचे मोठे शौकीन. घड कापले की व्यापाऱ्याचा ट्रक थेट वावरात. पाऊस असो, चिखल असो, ट्रक आत. काळी माती ओली असताना दाबली की खाली तवा धरते, विटेसारखा कडक थर. मालक असताना हे कुणाला कळलं नाही. ते गेले आणि केळीही बसली.

साहेबांनी लोखंडी सळई वावरात खुपसली. हातभर गेली आणि टण्ण थांबली. दुसरीकडे खुपसली, तिथंही टण्ण.  अक्कानं सळई हातात घेतली आणि स्वतः खुपसून पाहिली, तीन-चार ठिकाणी. मग बांधावर बसली.

"म्हणजे माह्या मालकाच्या डोळ्यांदेखत मेलं हे वावर," ती म्हणाली.

"मेलं नाही अक्का," साहेब म्हणाले. "श्वास कोंडलाय."

साहेबांचा उपाय सोपा होता. चेन ट्रॅक्टरनं खोल फाळ घालून तवा एकदाच फोडायचा. मग वावरात ठराविक चाकोऱ्या आखायच्या. ट्रॅक्टर, गाडी, जे काही आत येईल ते त्या चाकोरीतूनच जाईल, दर वर्षी, दर वेळी. बाकीच्या मातीवर चाक म्हणून पडू द्यायचं नाही. पिकाआधी ताग पेरायचा आणि फुलावर आला की आडवा करून तिथंच कुजू द्यायचा.

अडचण एकच होती, तिचे दीर. रामदासभाऊ. माणूस वाईट नव्हता हो, उगाच खलनायक करू नका. पण त्यांचं म्हणणं, बाईमाणसानं वावर कसायचं नसतं. तेरवीनंतरच त्यांनी सांगून टाकलं होतं, "वहिनी, वावर मी करतो. दाणागोटा घरपोच येईल."

अक्का म्हणाली, "मले दोन पावसाळे द्या, भाऊजी. नाही पिकलं तर आखाजीले तुमची बैलजोडी घाला."

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवं साल धरतात. सालदार त्या दिवशी बदलतो, बटाई त्या दिवशी ठरते. त्या दिवशी दिलेला शब्द फिरवायचा नसतो. आणि एकदा वावर हातातून गेलं की बाई दाण्यागोट्यापुरती उरते, हे अक्काला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

*

धुडकूनं तवा फोडला, मग चाकोऱ्या आखल्या चुन्यानं. त्या दिवसापासून अक्का वावराची फौजदार झाली!

चुना पावसानं गेला, पण अक्काच्या डोळ्यांतून रेष गेली नाही. व्यापाऱ्याचा ट्रक बांधावरच थांबायचा. निंदायला येणाऱ्या बायकासुद्धा चाकोरीतून आत यायच्या. धुडकूची चेन वीतभर बाहेर पडली तर ती आडवी उभी राहायची. धुडकू मला म्हणाला, "मधुभाऊ, धरणवर इंजिनेर व्हतात, पन असा इंजिनेर नही दखा!"

निवडणुकीत एक पुढारी जीप घेऊन आले. मालकांच्या जुन्या ओळखीतले. बांधावरून हाक मारायची सोडून ड्रायव्हरनं जीप सरळ वावरात घातली. अक्का खुरपं हातात घेऊनच पुढं आली.

"मागं घ्या."

पुढारी हसले. "अक्का, मत मागायला आलोय."

"मत देईन," ती म्हणाली. "वावर नाही देनार."

जीप मागं गेली. पुढारी धोतर सावरत चिखलातून चालत आले, हात जोडले आणि चालत परत गेले. त्यांना मत पडलं की नाही ते अक्काला ठाऊक.

*

आता नानांचं ऐका. साहेबांनी बैठकीत सांगितलं, चाकोरी एकच असेल तर सगळ्यांची रुंदी एकच पाहिजे. चेन ट्रॅक्टर रुंद, बैलगाडी अरुंद, मग दोन चाकोऱ्या पडतात आणि माती दुप्पट दबते.

नानांना पटलं. नानांना एखादी गोष्ट पटली की भीती वाटायची! त्यांनी तालुक्याहून लोहार आणला आणि गाडीचा आख ट्रॅक्टरच्या मापाचा करून घेतला. गाडी वावरात चाकोरीतून अशी चालली की साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी नाना गाडी घेऊन घराकडे निघाले. त्यांची गल्ली तुम्ही पाहिली नाही. समोरून म्हैस आली तर माणसानं ओट्यावर चढायचं, अशी गल्ली! गाडी तोंडाशीच अडकली. मागं येईना, पुढं जाईना. दोन्हीकडच्या घरांतून माणसं बाहेर आली. शेवटी बैल सोडले आणि गाडी ढकलत गावाबाहेर नेली.

काकू, म्हणजे नानांच्या घरच्या, दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "वावराचं माप घेतलं, घराचं कोन घेईन?"

*

तागाचा किस्सा सांगताना मला हसू येत नाही. अक्काचा ताग कमरेच्या वर गेला, पिवळ्या फुलांनी वावर भरून गेलं. पोळा तोंडावर आलेला. गावातले चार जण आले, म्हणाले, "अक्का, वाख दे थोडा. बैलांना कासरे वळायचे आहेत." कुणी गुरांसाठी मागितला. अक्का सगळ्यांना एकच सांगायची, "मातीचं ताट हाये हे. ताटातलं कसं उचलू?"

आणि धुडकूनं चेनच्या मागं जड लाकूड बांधून सगळा ताग झोपवला. फुलावरचं पीक! बांधावर उभ्या बायका तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "व माय, हे काय करू राह्यली!"

रामदासभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी पाहिलं. "दादाचं वावर आहे हे," ते म्हणाले आणि निघून गेले.

त्या वर्षी मागास, म्हणजे उशिराचा, कापूस लावला, तो यथातथाच आला. गावाला बोलायला तोंड मिळालं. आखाजीला रामदासभाऊ आले, आमरस-पुरणपोळी जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "एक पावसाळा झाला, वहिनी."

"दुसरा हाये अजून," अक्का म्हणाली.

जेवायला मीही होतो.  तिच्या बाजूनं बोलावं असं फार वाटलं, पण आखाजीच्या शब्दात तिसऱ्यानं बोलायचं नसतं.

*

आता शेवटचा. हा मी मागितल्याशिवाय सांगत नाही, पण आज सांगतो.

दुसरा पावसाळा. श्रावणात झड लागली, पाऊस उघडेना. शेजारच्या वावरांत पाणी तुंबून कापूस पिवळा पडला होता. अक्काच्या वावरात मात्र पाणी टिकत नव्हतं, मुरत होतं. कापूस मांडीएवढा, हिरवागार. मंडळातले आम्ही बाकीचे चौघंही मनात म्हणत होतो, पोरी जिंकलीस!

रामदासभाऊंची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळी तिला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, "मूल आडवं आहे, माझ्या हातचं नाही. जळगावला न्या." गावाच्या वाटेवरचा नाला दुथडी भरलेला. गाडी जाईना, जीप जाईना. त्या चिखलात चालणारी एकच वस्तू गावात होती.

धुडकूनं चेन ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. ट्रॉलीत गादी, वर ताडपत्री, आत मुलगी आणि तिची आई. रामदासभाऊ आणि मी बाजूनं चालत. नाला टाळून सडक गाठायची तर वाट एकच होती, अक्काच्या वावरातून. आणि चाकोऱ्या होत्या उभ्या. सडक होती आडवी.

बांधावर येऊन धुडकूनं मशीन थांबवलं.

"मधुभाऊ, चेनचं काही नही. पन ट्रॉलीनी चाकं... बठ्ठा वावर खराब व्हई जाई."

 रामदासभाऊंना वाट मागता येईना. आतून मुलगी ओरडली, तरी ते पावसात नुसते उभे. उभ्या चाकोरीतून शेवटापर्यंत जायचं तर पुढं पुन्हा नालाच आडवा होता.

अक्का वावरातच होती. डोक्यावर पोत्याची खोळ. तिनं ट्रॉली पाहिली, रामदासभाऊंना पाहिलं आणि ओरडली, "थांबला काय रे, मेल्या? घाल आडवं!"

"अक्का..."

"घाल म्हनते ना!"

आणि ती स्वतः पुढं झाली. कापूस पायांनी मोडत, निब्बर जागा बघत चालली, मागं चेन, चेनमागं ट्रॉली. ट्रॉलीची चाकं आसापर्यंत रुतत होती. पार पलीकडच्या बांधापर्यंत दोन चर पडले. सडकेवर केळीचा ट्रक मिळाला, त्यात मुलीला घातलं.

मुलगी वाचली. बाळही वाचलं. जळगावहून निरोप आला तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला.

चार दिवसांनी पाऊस उघडला. साहेब आले, चरांशी उभे राहिले. सळई खुपसली. टण्ण. त्यांनी दुसऱ्यांदा खुपसली नाही. सगळ्या वावराचं पाणी आता त्या दोन चरांत येऊन तुंबलं होतं आणि दोन्ही बाजूंचा कापूस माना टाकू लागला होता. मला रडू आलं. का लपवू?

वाफसा आल्यावर एके सकाळी मी आणि नाना तिकडे गेलो तर बांधावर चपलांचा जोड होता. आत रामदासभाऊ. धोतर वर खोचलेलं, हातात टिकाव, चरात उतरून एकटेच खणत होते. बैलजोडी घरी, सालदार घरी. आम्हाला पाहिलं तरी थांबले नाहीत.

थोड्या वेळानं अक्का आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. चराच्या काठावर उभी राहिली.

रामदासभाऊंनी घाम पुसला. "वावर तुमचं आहे वहिनी. किती खोल खणू, सांगा."

अक्का वाकली आणि तांब्यातलं थोडं पाणी तिनं खड्ड्यात ओतलं. पाणी तसंच राहिलं.

"अजून," ती म्हणाली.

रामदासभाऊ खणू लागले.  तिनं पुन्हा पाणी ओतलं. पुन्हा राहिलं.

"अजून, भाऊजी."

ते गुडघ्यावर बसले आणि टिकाव आखूड धरून खणू लागले. अक्कानं तिसऱ्यांदा ओतलं. पाणी क्षणभर थांबलं आणि खाली गेलं.

तिनं तांब्या हलवून पाहिला. तळाशी घोटभर पाणी होतं. ते तिनं रामदासभाऊंना प्यायला दिलं.